दगडाची मालकीण

एंजलफिश म्हटलं की ताटाएवढा मासा डोळ्यांसमोर येतो. सेंट्रोपायजी या प्रजातीतले बटू एंजलफिश मात्र बहुतेक 10-12 सेंटिमीटरांवर थांबतात. ज्वाळेसारखा लालभडक फ्लेम, निळा-केशरी कोरल ब्यूटी, पिवळाधमक लेमनपील ही त्यातली नावाजलेली मंडळी. अंग एवढंसं, पण तोरा जमीनदाराचा. किमान 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आणि भरपूर कपारी असलेले लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेले समुद्री दगड, नसतील, तर शेजाऱ्यांना ते सुखानं जगू देत नाहीत.

हा मासा दिवसभर दगड खरवडतो. शेवाळ, त्यात अडकलेला गाळ, बारीकसारीक जीव हेच त्याचं जेवण. म्हणून नव्या टाकीत तो सोडू नये. तिथे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचा जम बसलेला नसतो आणि दगडही कोरे असतात. काही महिने मुरलेली टाकी, 24 ते 26 अंश तापमान आणि खारटपणात चढउतार नाहीत, एवढं जमलं की अर्धी लढाई जिंकली.

खरी गंमत त्यांच्या संसारात आहे. सगळे आधी माद्याच असतात. कळपातली सर्वांत दांडगी मादी काही आठवड्यांत नर बनते. तिच्यावर दादागिरी करणारा कुणी उरला नाही, एवढं कारण पुरतं. जोडी हवी असेल तर दोन लहान मासे घ्यावेत, एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठा. बाकीचं ते आपसात ठरवतात. दोन नर एकत्र आले, तर मात्र एकाचा जीव जाऊ शकतो.

संध्याकाळी दिवे मंदावले की जोडी वर झेपावते आणि अंडी सोडते. ती तरंगतात, आणि टाकीत बहुधा फिल्टरमध्ये जातात. वाचलीच तरी पिल्लांचं तोंड इतकं बारीक, की रोटिफर या सूक्ष्म जीवांचं नेहमीचं खाद्यही त्यात मावत नाही. कोपेपॉड या इवल्याशा कवचधारी जलचरांची नुकती जन्मलेली पिल्लंच लागतात.

त्याच टाकीत प्रवाळ सुरक्षित राहतील का विचाराल, तर हमी कुणीच देऊ नये. वर्षभर साधू असलेला मासा एके सकाळी मांसल प्रवाळांना आणि शिंपल्यांच्या कडांना चोची मारू लागतो. मग त्याला बाहेर काढायचं, तर प्रत्येक कपार त्याला पाठ, तेव्हा दगडांची सगळी रचना मोडावी लागते. आणि जाळीनं पकडू नका: गालावरचा काटा तिच्यात अडकतो. डबा वापरा.