रक्त एकच, तपासण्या दोन: प्रोजेस्टेरॉन आणि पीएजी

“रक्त तपासलंय की ओ, गाभण हाय.” महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात गाय विकणारा असं सांगतो तेव्हा घेणारा बहुतेक वेळा पुढं काही विचारत नाही. रक्त तपासलंय म्हटल्यावर शंका कसली घ्यायची? पण त्या रक्तात नेमकं काय तपासलं, हे विचारायलाच हवं. गाईच्या रक्तावरून गाभणपण पाहण्याच्या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि दोन्हींचा कागद दिसायला सारखाच असतो. एकीत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजतात, दुसरीत पीएजी नावाची प्रथिनं. पहिली तपासणी गाईच्या बीजांडाची (अंडाशयाची) बातमी देते, दुसरी पोटातल्या गर्भाची. या दोन बातम्या एक समजल्यामुळं भाकड गाय गाभण म्हणून गोठ्यात उभी राहते, नाहीतर गाभण गाय इंजेक्शनानं गाभडते.

आधी प्रोजेस्टेरॉन. माज संपला की बीजांडावर एक पिवळट गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘सीएल’ म्हणतात ते हेच. ही गाठ प्रोजेस्टेरॉन सोडते. गाय फळली नसेल तर सोळा-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडतं, गाठ विरते, प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि 21 दिवसांच्या आसपास गाय पुन्हा माजावर येते. गर्भ असेल तर तो स्वतःच एक संदेश पाठवून हे प्रोस्टाग्लँडिन अडवतो. गाठ टिकते, प्रोजेस्टेरॉन चढंच राहतं. म्हणून भरवल्यापासून 21 ते 24 दिवसांत रक्त काढायचं. मिलिलिटरमागे 1 नॅनोग्रॅमपेक्षा कमी आलं, तर गाय रिकामी आहे हे जवळजवळ नक्की. हे ‘नाही’ फार मोलाचं आहे, कारण इतक्या लवकर ते नेहमीच्या दुसऱ्या तपासण्यांत सहसा मिळत नाही. हात घालून तपासायचं तर बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिने वाट पाहतात. तेवढ्या काळात दोन-तीन माज वाया गेलेले असतात.

पण आकडा चढा आला तर? तर एवढंच कळतं की त्या दिवशी बीजांडावर गाठ जिवंत होती. ती गर्भामुळं असेल किंवा दुसऱ्या कशामुळंही. गर्भाशयात पू साठला असेल तरी गाठ विरत नाही. गाय खऱ्या माजावर नसतानाच भरवली असेल, तर 21 दिवसांचा हिशेबच चुकतो आणि रक्त नेमकं चक्राच्या मधल्या दिवसांत काढलं जातं. काही गाईंचं चक्र मुळातच 24 दिवसांचं असतं. अशा सगळ्या कारणांनी प्रोजेस्टेरॉनवरून ‘गाभण’ म्हटलेल्या चार-पाच गाईंतली एखादी रिकामी निघते. माझं मत स्पष्ट आहे: प्रोजेस्टेरॉनचं ‘नाही’ मानावं, ‘हो’ मात्र नुसता अंदाज समजावा.

इथं आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण त्या फारशा कुणी सांगत नाही. प्रोजेस्टेरॉन माणसात आणि गाईत एकच असतं, त्यामुळं तालुक्याच्या गावच्या साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही ते मोजता येतं. मात्र त्या अहवालाच्या उजव्या बाजूला छापलेले गर्भावस्थेचे आकडे बायकांचे असतात. गाभण गाईचं प्रोजेस्टेरॉन 5 किंवा 6 आलं की त्या तक्त्याप्रमाणं ते कमी वाटतं आणि चांगली फळलेली गाय रिकामी ठरते. तो तक्ता पाहूच नका, आकडा तेवढा डॉक्टरांना दाखवा. दुसरी गोष्ट उन्हाची. गाईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी बाटलीत गेल्यावरही प्रोजेस्टेरॉन मोडत राहतात, उष्णतेत तर फार वेगानं. अथणीच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून दोन-तीन तास फिरलेला नमुना खोटा ‘कमी’ दाखवू शकतो. मग या तपासणीचं जे ‘नाही’ सर्वांत भरवशाचं, तेच फसतं. नमुना काढल्याबरोबर बर्फात ठेवायचा आणि लवकरात लवकर रक्तद्रव वेगळा करून घ्यायचा.

आता पीएजी. गर्भ गर्भाशयाला चिकटू लागला की त्याच्या बाहेरच्या आवरणात, म्हणजे पुढं जी वार होते तिच्यात, दोन केंद्रकांच्या खास पेशी तयार होतात. त्या ही प्रथिनं गाईच्या रक्तात सोडतात. अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1982 मध्ये यातल्या एका प्रथिनाचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यावरून पुढं रक्ताची चाचणी उभी राहिली. रिकाम्या गाईच्या अंगात या पेशी नसतातच, त्यामुळं इथं बीजांडावरच्या गाठीचा संबंध येत नाही. गर्भाशयात पू असो, बीजांडावर गळू असो, चक्र लांबलेलं असो, पीएजीला फरक पडत नाही. भरवल्यापासून 28 दिवस झाले की ही तपासणी चालते आणि तिचं ‘हो’ व ‘नाही’ दोन्ही बहुतेक वेळा बरोबर निघतात. नमुनाही दणकट. उन्हातून किंवा पोस्टानं गेला तरी सहसा बिघडत नाही. फक्त ती माणसांच्या लॅबमध्ये होत नाही, जनावरांसाठीचं किट लागतं. (माणसांची लघवीत बुडवायची पट्टी गाईला चालत नाही. ती ज्या संप्रेरकावर रंग बदलते, ते गाईच्या अंगात तयारच होत नाही.)

पीएजीचीही दोन फसगतीची ठिकाणं आहेत. गाय व्याली की ही प्रथिनं लगेच जात नाहीत. आधीच्या वेताची उरलेली प्रथिनं दोन-तीन महिने रक्तात फिरत असतात. म्हणून विण्यापासून किमान 60 दिवस झालेले हवेत, काही किटना 90 लागतात. ताजी व्यालेली गाय तपासून ‘गाभण’ आली तर ते मागच्या वासराचं असू शकतं. आणि गर्भ मेला तरी प्रथिनं आठवडाभर किंवा थोडी जास्त टिकतात, तेवढ्यात रक्त काढलं तर खोटं ‘हो’ येतं. शिवाय 28 व्या दिवशी खरोखर गाभण असलेल्या गाईचाही गर्भ पुढच्या महिनाभरात जाऊ शकतो. जास्त दुधाच्या होल्स्टीन गाईंत दहातली एखादी अशी जाते. त्यामुळं पीएजीचं ‘हो’ आल्यावरही दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून पाहणं चुकवू नये.

दोन्ही तपासण्यांचा पाया भरवल्याची तारीख आहे आणि आपल्या भागात तीच सर्वांत कच्ची असते. “बेंदराच्या आदल्या दिवशी भरवली” असं सांगतात. पण कुठला बेंदूर? कर्नाटकी ज्येष्ठात येतो, महाराष्ट्री आषाढात. मधे सुमारे महिन्याचं अंतर पडतं आणि दोन्ही बेंदूर पाळणारी घरं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. कृत्रिम रेतन झालं त्याच दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा. 5 जूनला भरवली, तर प्रोजेस्टेरॉनसाठी 26 जून, पीएजीसाठी 3 जुलै किंवा त्यानंतर.

म्हशीला तारखेची गरज आणखी जास्त, कारण उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते. ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, की नाही हे धन्याला दिसतच नाही, म्हणून ‘उलटली नाही म्हणजे गाभण’ हा हिशेब तिच्या बाबतीत पार कोलमडतो. पीएजीचं किट म्हशीला चालतं का आणि किती दिवसांपासून, हे त्याच्या कागदावर पाहून घ्यावं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते माजावर आणण्याच्या इंजेक्शनानं. गाय दोन महिने माज दाखवत नाही म्हणून घाईनं प्रोस्टाग्लँडिन टोचलं जातं. ते बीजांडावरची गाठ विरवतं आणि गाय गाभण असेल तर गर्भही जातो. इथं नुसतं प्रोजेस्टेरॉन पाहून निर्णय घेताच येत नाही, कारण गाभण गाईत आणि अडकलेल्या गाठीच्या रिकाम्या गाईत तो आकडा सारखाच चढा असतो. आधी पीएजी किंवा सोनोग्राफी करून गाय रिकामी आहे हे पक्कं करायचं. त्यानंतर मात्र प्रोजेस्टेरॉनच कामाला येतं. रिकाम्या गाईत ते चढं असेल तर गाठ आहे, इंजेक्शन लागू पडेल. ते कमी असेल तर विरवायला गाठच नाही, इंजेक्शनाचे पैसे पाण्यात जातील. अशा वेळी चारा, खनिज मिश्रण, जंत आणि बीजांडाची स्थिती यांकडं डॉक्टरांना पाहू द्या.

बाजारात “रक्त तपासलंय” ऐकलंत, तर विकणाऱ्याकडं कागद मागा आणि त्यावर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर जुळतो का ते आधी बघा. मग तपासणीचं नाव, रक्त काढल्याची तारीख, भरवल्याची तारीख आणि गाय शेवटची कधी व्याली ती तारीख. कागदावर प्रोजेस्टेरॉन असेल, तर गाभणपणाचे वेगळे पैसे मोजण्याआधी गाय डॉक्टरांकडून तपासून घ्या.