नेपाचा कागद आणि पोटमाळ्यावरची रद्दी

मुंबईहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने भुसावळ आणि बऱ्हाणपूर मागे टाकले की नेपानगर लागते. वर्तमानपत्री कागदाची देशातली पहिली गिरणी, नेपा, इथली. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तोवर मुंबईच्या छापखान्यांत चढणारी रिळे परदेशातून बोटीने येत.

कच्चा माल होता सालई या झाडाचे लाकूड आणि बांबू. लाकडाचे ओंडके पाणी सोडत फिरत्या दगडावर दाबून घासले, की शंभर किलो सुक्या लाकडातून नव्वद किलोच्या वर लगदा मिळतो. स्वस्त खरा, पण तंतू तुटके, आणि तंतूंना एकत्र चिकटवून ठेवणारे लाकडातले द्रव्य, लिग्निन, जिथल्या तिथे. खिडकीत पडून राहिलेला पेपर पिवळा पडतो तो या लिग्निनामुळेच. नुसत्या अशा लगद्याचा कागद यंत्रावर टिकत नाही. त्यात बांबूचा लगदा हवाच. बांबूच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात १६०-१७० अंशांवर शिजवल्या की लिग्निन विरघळते. वजन निम्म्यावर येते, पण उरलेले तंतू लांब आणि चिवट असतात.

कागदयंत्राच्या जाळीवर पडणाऱ्या लगद्यात तंतू जेमतेम एक टक्का, बाकी पाणी. जाळी सुटून दाबरुळांकडे जाताना कागदाच्या ओल्या पट्ट्यात अजून ऐंशी टक्के पाणी असते, आणि घात होतो तो इथेच. लाकडातल्या राळेची गुठळी जाळीला चिकटली तर तेवढ्या जागी कागदाला भोक पडते. ताण त्या भोकावर येतो, पट्टा फाटतो आणि पुन्हा ओवेपर्यंत सगळा माल परत टाकीत.

पुढे नेपाही रद्दीकडे वळली. रद्दी पाण्यात घुसळायची, कॉस्टिक आणि साबण घालायचा, खालून हवा सोडायची; शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, तो फेस काढून टाकायचा. ऐकायला सोपे आहे. पण मुंबईत चांगला भाव येईपर्यंत पेपरचे गठ्ठे पोटमाळ्यावर ठेवायची सवय असते, आणि पत्र्याखालच्या उन्हाळ्यात शाईतले तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. मग शाई तंतूला सोडत नाही, किंवा इतकी बारीक फुटते की बुडबुड्याच्या हाती लागत नाही. लगदा करडा राहतो. रंग उडवणारे हायड्रोजन पेरॉक्साइड वाढवूनही उपयोग नाही: ते लिग्निनचा पिवळेपणा घालवते, शाईतल्या काजळीला ढिम्म होत नाही.