‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ आणि ‘येस की नो’: अडवणाऱ्या दोन चौकटी, दोन वेगळे प्रश्न

इंटरनेटवरून एखादा प्रोग्राम डाउनलोड करून त्यावर डबलक्लिक केलं की विंडोज कधी कधी दोनदा अडवते. आधी ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ असं लिहिलेली मोठी निळी चौकट येते. तिच्यातून वाट काढावी तर सगळा स्क्रीन अंधारतो आणि दुसरी चौकट विचारते, ‘येस’ की ‘नो’? बहुतेक घरांत या दोन्हींना मिळून ‘ती परमिशन’ म्हणतात. कंटाळा आला की कॉम्प्युटरवाल्याला सांगायचं, ‘ती परमिशन बंद करून द्या हो.’ तो कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक पट्टी तळाला ओढतो आणि काम झालं म्हणतो. पुढच्या डाउनलोडला पहिली चौकट पुन्हा हजर! कारण त्या पट्टीचा तिच्याशी काही संबंधच नसतो. बंद झालेली असते ती दुसरी चौकट, आणि दोन्हींत अधिक जपण्याजोगी होती तीच.

पहिलीचं नाव स्मार्टस्क्रीन, दुसरीचं यूएसी, म्हणजे युजर अकाउंट कंट्रोल.

स्मार्टस्क्रीनला फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: बाहेरून आलेली ही फाइल ओळखीची आहे का? ब्राउझर फाइल डाउनलोड करतो तेव्हा ती इंटरनेटवरून आल्याची एक अदृश्य खूण तिला चिकटवतो. तुम्ही फाइल उघडलीत की विंडोज ती खूण पाहते आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारते, ही फाइल किंवा तिच्यावर डिजिटल सही (फाइल कोणी बनवली हे पटवणारी खूण) करणारा आधी कधी दिसलाय का, त्याची कीर्ती कशी आहे. उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं की चौकट उभी राहते. फाइलमध्ये व्हायरस सापडला असं ती म्हणत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. ती फक्त म्हणते की हिला ओळखणारं कोणी भेटलं नाही. म्हणून एखाद्या छोट्या डेव्हलपरने हाउसिंग सोसायटीच्या हिशेबासाठी लिहिलेला अगदी सज्जन प्रोग्रामही नव्या आवृत्तीच्या पहिल्या दिवसांत इथे अडकतो. पुढे जायची वाटही मुद्दाम लपवलेली असते. समोर ‘डोन्ट रन’चं बटण दिसतं; ‘मोअर इन्फो’वर क्लिक केल्यावरच ‘रन एनीवे’ दिसतं. ब्राउझरमधली ही तपासणी 2012 साली विंडोज 8 बरोबर थेट विंडोजमध्ये आली.

ती खूण पुसली गेली की स्मार्टस्क्रीन गप्प बसते. नेहमीच्या पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट32 किंवा एक्सफॅट असतो आणि त्यावर ही खूण टिकत नाही. म्हणजे मित्राने पेनड्राइव्हवर आणून दिलेल्या सेटअपला स्मार्टस्क्रीनने अडवलं नाही, तर त्यावरून तो सेटअप चांगला की वाईट हे काहीच कळत नाही. तो तपासलाच गेलेला नसतो.

यूएसीचा प्रश्न निराळा आहे. फाइल कुठून आली याच्याशी तिला देणंघेणं नाही. हा प्रोग्राम संपूर्ण कॉम्प्युटरवर अधिकार मागतोय, द्यायचा का, एवढंच ती विचारते. विंडोज एक्सपीच्या काळात घरातला प्रत्येक वापरकर्ता बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असायचा, आणि त्याने चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, त्यात आगंतुकही आले, आपोआप तोच पूर्ण अधिकार मिळायचा. 2007 मध्ये विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती घराघरांत आली आणि हे बदललं. आता तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केलंत तरी विंडोज तुमच्या नावाचे दोन परवाने बनवते, एक साधा आणि एक पूर्ण. रोजचं सगळं साध्यावर चालतं. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये काही लिहायचं असेल, ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र चालवणारा प्रोग्राम) बसवायचा असेल, सगळ्यांना लागू होणारी सेटिंग बदलायची असेल, तरच पूर्ण परवाना बाहेर काढावा लागतो, आणि तो काढण्याआधी ही चौकट येते. ज्या बटणावर छोटी ढाल दिसते, ते दाबलं की हा अधिकार मागितला जाणार असं समजावं.

स्क्रीन अंधारतो तो उगाच नाही. त्या क्षणी विंडोज तुम्हाला एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर नेते. बाकीच्या प्रोग्रामांना तिथे पोचता येत नाही, त्यामुळे तुमच्या वतीने परस्पर ‘येस’ दाबणं त्यांना जमत नाही. माझ्या मते यूएसीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. व्हिस्टाने मात्र सुरुवातीला इतक्या वेळा विचारलं की लोकांना न वाचता होकार द्यायची सवय लागली, आणि ती अजून गेलेली नाही. 2009 मध्ये विंडोज 7 ने चार पायऱ्यांची पट्टी दिली, ती याच वैतागावर उतारा म्हणून.

दोन्हींतला फरक नीट पाहायचा तर सेव्हन-झिप हा फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम घ्या. कितीतरी वर्षं त्याच्या सेटअपवर डिजिटल सही नव्हती. पण जगभर इतक्या लोकांनी तो डाउनलोड केलेला, की स्मार्टस्क्रीनला तो ओळखीचा. ती काही बोलत नाही. यूएसीची चौकट मात्र पिवळी येते आणि प्रकाशकाच्या जागी ‘अननोन’ लिहिते, कारण ती लोकप्रियता मोजत नाही, फक्त सही पाहते. सही पटली की तीच चौकट निळी असते. आता उलट बाजू. काही प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’ला हातच लावत नाहीत, तुमच्या स्वतःच्या युजर फोल्डरमध्ये बसतात. असा एखादा नवखा प्रोग्राम स्मार्टस्क्रीनला खटकेल, पण यूएसी येणारच नाही, कारण त्याने अधिकार मागितलेलाच नसतो.

यातूनच एक गैरसमज निघतो: यूएसी आली नाही, म्हणजे धोका नाही. तुमच्या मुलांचे फोटो, पीडीएफ, टॅली डेटाचा बॅकअप हे सगळं तुमच्याच फोल्डरमध्ये असेल तर ते बदलायला साधा परवाना पुरतो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामाला त्यांच्यासाठी यूएसीची गरज नाही. तिथे वाचवणारी गोष्ट म्हणजे बॅकअप, आणि तोही कायम जोडून न ठेवलेल्या हार्ड डिस्कवर.

मग घरी काय करावं? स्मार्टस्क्रीनला हात लावू नये. ती ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली असते, तिथेच असू द्यावी. एखाद्या फाइलपुरतीच अडचण असेल आणि ती मूळ निर्मात्याच्या साइटवरूनच आल्याची खात्री असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर टिक करावी. एका फाइलसाठी सगळी तपासणी बंद करण्यात अर्थ नाही.

यूएसीच्या पट्टीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मूळ सेटिंग वरून दुसऱ्या पायरीवर असतं. त्या पायरीवर तुम्ही स्वतः विंडोजच्या सेटिंग बदलता तेव्हा ती विचारत नाही; विंडोजच्या स्वतःच्या काही प्रोग्रामांना गुपचूप पूर्ण अधिकार मिळतो. ही सोय घुसखोरांनीही पुष्कळ वापरली आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावरच रोज काम करायचं असेल तर पट्टी सर्वांत वर न्यावी. तिसरी पायरी म्हणजे दुसरीच, फक्त अंधार वजा. ज्या जुन्या मशीनला स्क्रीन अंधारायला फार वेळ लागतो त्यासाठीच ती आहे. तळाच्या पायरीवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला काही न विचारताच प्रोग्रामाला अधिकार मिळून जातो.

पट्टीपेक्षा चांगला उपाय खात्यांचा आहे, आणि तो फार थोडी घरं करतात. पासवर्ड असलेलं एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं वेगळं ठेवावं आणि रोजच्या वापराची खाती, स्वतःचंसुद्धा, ‘स्टँडर्ड’ करावीत. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अकाउंट्स’मध्ये ‘अदर युजर्स’खाली खात्याचा प्रकार बदलता येतो, आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यात शिरता येतंय ना, हे पाहून घ्यावं. मग यूएसी नुसतं ‘येस’ मागत नाही, त्या खात्याचा पासवर्ड किंवा पिन मागते. सातवीतल्या मुलाला गेमचा मॉड, म्हणजे गेम बदलणारी जोड, ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवायचा असला तरी त्याला आधी तुम्हाला हाक मारावी लागते. खरं सांगायचं तर दोन-तीन आठवडे जरा त्रास होतो. त्यानंतर ती चौकट क्वचितच दिसते.

चौकट आली तर तीन गोष्टी पाहायच्या: प्रोग्रामचं नाव, प्रकाशक आणि ‘शो मोअर डिटेल्स’ दाबल्यावर दिसणारी जागा. प्रोग्राम ‘टेंप’ या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमधून चालतोय आणि प्रकाशक अननोन आहे, तर थांबावं. आणि तुम्ही काहीच न करता चौकट उगवली, तर उत्तर ‘नो’.

पुण्यात आईवडील आणि मुलगी न्यू जर्सीला, अशा घरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ‘क्विक असिस्ट’ या विंडोजच्या दुरून मदत करायच्या सोयीवरून मुलगी इथला कॉम्प्युटर दुरुस्त करत असताना यूएसी आली की तिकडे तिला फक्त काळा स्क्रीन दिसतो. लाइन तुटलेली नसते. सुरक्षित डेस्कटॉप तिलाही बाहेर ठेवतो. अशा वेळी तिने फोनवर विचारावं, ‘बाबा, प्रकाशकाच्या पुढे काय नाव लिहिलंय?’ आणि ते ऐकून मगच बाबांना ‘येस’ दाबायला सांगावं. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या भामट्यालाही बहुधा तोच काळा स्क्रीन दिसतो, पण या आडोशावर फार भिस्त ठेवू नये: स्क्रीन पाहू देणारे बरेच प्रोग्राम इन्स्टॉल न करताच चालतात, आणि तुम्ही उघडलेलं नेटबँकिंग त्याला यूएसीशिवायही दिसतं.