बोस्निया: तह झाला, बाजार दुभंगलेलाच

१९९८ च्या आधी बोस्नियात गाडीची नंबरप्लेट पाहिली की चालक कोणत्या बाजूचा ते लगेच कळायचं. बोस्नियाक (म्हणजे बोस्नियाचे मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट भागांच्या प्लेटा वेगवेगळ्या होत्या. युद्ध संपून दोन वर्षं उलटली होती, रस्त्यांवर नाटोचं सैन्य उभं होतं, डेटनच्या शांतता करारात मुक्त संचाराचं कलमही होतं. तरी माल भरलेली गाडी घेऊन पलीकडच्या भागात शिरायला व्यापारी कचरत. प्लेट ओळखली गेली की गाडी अडवली जाई. कधी नुसता खोळंबा, कधी दगड. मग करारावर देखरेख ठेवणारे आंतरराष्ट्रीय समुदायाचे उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्टेनडोर्प यांनी सगळ्या देशाला एकच प्लेट लागू केली. तिच्यावर गावाची खूण नव्हती. अक्षरंही अशीच निवडली, जी लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. गाडी कुठली ते ओळखू येईना, आणि वाहतूक सुरू झाली.

युद्धोत्तर बोस्नियाच्या अर्थकारणात जे जे मार्गी लागलं, त्यातलं बरंचसं असंच लागलं आहे. भावनेच्या प्रश्नाला हात न घालता त्याच्या शेजारची एखादी तांत्रिक गोष्ट बदलायची, आणि तीही बहुतेक वेळा बाहेरून लादून.

युद्धाआधीचा बोस्निया युगोस्लाव्हियाच्या गरीब प्रजासत्ताकांत गणला जाई, पण तो निव्वळ शेतीवर जगणारा प्रदेश नव्हता. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांचं स्टालिनशी फाटल्यावर शस्त्रास्त्रांचे कारखाने सीमेपासून दूर, डोंगरांच्या आड हवेत असं ठरलं, आणि ते मोठ्या संख्येने इथे आले. झेनित्साचं पोलाद, तुझलाची रसायनं, राजधानी सारायेव्होच्या एनर्गोइन्व्हेस्टची वीजसामग्री, व्होगोश्चात जुळणी होणारी फोक्सवॅगन गोल्फ ही या प्रदेशाची ओळख होती. १९८४ चं हिवाळी ऑलिंपिक सारायेव्होत झालं. मात्र यातला प्रत्येक कारखाना युगोस्लाव्हियाच्या एकत्र बाजारपेठेवर उभा होता. कच्चा माल एका प्रजासत्ताकातून यायचा, सुटे भाग दुसऱ्यातून, गिऱ्हाईक तिसऱ्यात. देश फुटला तेव्हा बॉम्ब पडण्याआधीच या कारखान्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती.

एप्रिल १९९२ मध्ये युद्ध पेटलं. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं मुख्यालय सारायेव्होतच होतं. तिचे पहिले सेनापती होते मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. त्या सेनेचं मूळ काम शेजारच्या क्रोएशियातलं होतं आणि युद्ध तिच्या डोळ्यांदेखत बोस्नियात सुरू झालं. साडेतीन वर्षांत सुमारे एक लाख माणसं मेली. ४४ लाखांच्या आसपास लोकसंख्येतली वीस लाखांहून अधिक माणसं घरादारातून उखडली गेली. १९९५ च्या अखेरीस देशाचं उत्पादन युद्धपूर्व पातळीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर आलं होतं.

अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई तळावर वाटाघाटी झाल्या आणि १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिसमध्ये करारावर सह्या झाल्या. लढाई थांबली. पण ज्या कागदाने ती थांबवली त्याच कागदाने देशाची मांडणीही ठरवून टाकली. ५१ टक्के भूभाग बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनला गेला आणि त्याचे पुन्हा दहा कँटन, म्हणजे आपापलं सरकार असलेले विभाग, झाले. ४९ टक्के सर्बांच्या रेपुब्लिका सर्पस्काला मिळाला. वर एक दुबळं केंद्र सरकार. सैन्य, पोलीस, करवसुली, शेती, शिक्षण, जवळपास सगळं खालच्या पातळीवर राहिलं. सैनिकी तह म्हणून हा करार यशस्वी ठरला. बाजारपेठेच्या दृष्टीने ती वाटणीच होती.

चलनाचंच पाहा. युद्धानंतर देशात एकाच वेळी चार चलनं चालत होती: बोस्नियन दिनार, क्रोएशियन कुना, युगोस्लाव्ह दिनार आणि सगळ्यांचा विश्वास असलेला जर्मन मार्क. ऑगस्ट १९९७ मध्ये नवी मध्यवर्ती बँक सुरू झाली. तिचा पहिला गव्हर्नर बोस्नियाचा किंवा शेजारच्या देशाचा नागरिक नसावा, त्याची नेमणूक आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने करावी, असं थेट राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. बँकेला नोटा मनाला येईल तशा छापायची मुभा नव्हती. तिजोरीत जेवढं परकी चलन, तेवढंच देशी चलन. १९९८ मध्ये आलेला ‘परिवर्तनीय मार्क’ जर्मन मार्काशी एकास एक बांधला होता. पुढे जर्मनीने युरो स्वीकारला आणि जर्मन मार्क गेला, पण बोस्नियाचा मार्क आजही चालतो, एका युरोला १.९५५८३ या दराने. नोटांवर कोणाचा चेहरा, कोणती लिपी आधी, यावर इतका वाद झाला की दोन्ही भागांसाठी बहुतेक नोटांच्या वेगळ्या आवृत्त्या छापाव्या लागल्या. किंमत सारखी आणि दोन्ही सगळीकडे चालतात. हा तोडगा हास्यास्पद वाटतो खरा, पण या प्रदेशातल्या सर्वांत स्थिर चलनांपैकी एक त्यातूनच उभं राहिलं.

पेमेंट ब्यूरो नावाची जुनी समाजवादी यंत्रणा मोडायला मात्र जानेवारी २००१ उजाडावं लागलं. उद्योगांचा प्रत्येक पैशाचा व्यवहार या ब्यूरोंमधूनच व्हायचा. युद्धात त्यांची तीन शकलं झाली होती आणि प्रत्येक शकल आपापल्या गटाच्या पक्षाच्या मुठीत होतं. कोणाचे पैसे अडवायचे आणि कोणाचे सोडायचे हे तिथे ठरे. १९९६ ते १९९९ या काळात पुनर्बांधणीसाठी पाच अब्ज डॉलरहून अधिक मदतीचा कार्यक्रम राबवला जात होता. पूल, शाळा, वीजवाहिन्या झपाट्याने उभ्या राहत होत्या आणि त्याच वेळी पैशाची ही नळी पक्षांच्या हातात होती. माझ्या मते बोस्नियातली आजची राजकीय घराणेशाही आणि भ्रष्टाचार यांची मुळं त्याच चार-पाच वर्षांत आहेत. जुन्या द्वेषाकडे बोट दाखवणं सोपं, म्हणून तेच जास्त केलं जातं.

लोकांनी स्वतःहून काय केलं, याचं उदाहरण उत्तरेतल्या ब्रच्को गावाजवळचा ॲरिझोना बाजार. तुझलाहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्याला नाटोच्या सैनिकांनी ‘ॲरिझोना’ असं सांकेतिक नाव दिलं होतं. १९९६ मध्ये अमेरिकी चौकीच्या आसऱ्याने तिथे बाजार भरू लागला. काही महिन्यांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या बाजूंची माणसं सिगारेटी, कपडे, सीडी, गाड्यांचे भाग विकू लागली. सैनिकी अधिकाऱ्यांनी त्याचं कौतुक केलं, कारण तिन्ही समाज एकत्र येण्याची दुसरी जागाच नव्हती. पण हाच बाजार तस्करीचं आणि पुढे स्त्रियांच्या विक्रीचं कुप्रसिद्ध ठाणंही झाला. कर बुडत होता तो वेगळाच. शेवटी इटालियन भागीदारीतल्या एका कंपनीकडे त्याचा पुनर्विकास दिला गेला, विक्रेत्यांनी निदर्शनं केली, आणि पत्र्याच्या टपऱ्या जाऊन पक्की दुकानं आली.

हे नियमन शक्य झालं कारण ब्रच्को हे प्रकरणच निराळं होतं. डेटनमध्ये या गावाचा निकाल लागला नाही, म्हणून ते लवादाकडे गेलं. १९९९ च्या अंतिम निवाड्यात ते कोणालाच दिलं नाही. २००० पासून तो तिन्ही समाजांचा मिळून एक स्वायत्त जिल्हा आहे, सुरुवातीला अमेरिकी पर्यवेक्षकाच्या हाताखाली. एक प्रशासन, एक न्यायालय, एकत्र शाळा. बाकी देशात जे जमत नाही ते इथे बऱ्याच अंशी जमलं, पण ते उचलून दुसरीकडे नेण्यात कोणत्याच पक्षाला रस नव्हता.

देशभराचा म्हणावा असा शेवटचा मोठा आर्थिक बदल म्हणजे मूल्यवर्धित कर. त्याआधी दोन्ही भागांची सीमाशुल्क खाती वेगळी होती आणि दरांतल्या फरकावर सिगारेटी-इंधनाचे सौदे चालत. पॅडी ॲशडाउन उच्च प्रतिनिधी असताना दबाव टाकून एकच अप्रत्यक्ष कर प्राधिकरण बनवलं गेलं, मुख्यालय मुद्दाम रेपुब्लिका सर्पस्काच्या मुख्य शहरात, बान्या लुकात ठेवलं, आणि १ जानेवारी २००६ पासून १७ टक्क्यांचा एकच दर लागू झाला. पैसा एका खात्यात जमतो आणि सूत्राने वाटला जातो. जीएसटीच्या भरपाईवरून आपल्याकडे राज्यं आणि केंद्र यांच्यात झालेली तणातणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथलं चित्र परकं वाटणार नाही: सूत्रातल्या टक्क्यांवरून भांडण अजून मिटलेलं नाही.

गंमत म्हणजे देशाच्या आत जे अडत होतं ते शेजाऱ्यांशी तुलनेने सहज होत होतं. १९९१ पासूनच्या लढाईत क्रोएशियातलं एर्नेस्टिनोव्हो आणि बोस्नियातलं मोस्तार ही वीज उपकेंद्रं उद्ध्वस्त झाली आणि युरोपचं सलग वीजजाळं दोन तुकड्यांत फुटलं. ती उपकेंद्रं पुन्हा उभी करून १० ऑक्टोबर २००४ रोजी दोन्ही तुकडे जोडले गेले. सावा नदीसाठी स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया आणि तेव्हाचा युगोस्लाव्हिया यांनी डिसेंबर २००२ मध्येच करार केला होता. नदी आयोग झाग्रेबमध्ये बसतो. आग्नेय युरोपसाठीचा १९९९ चा स्थैर्य करार, त्यातून २००८ मध्ये सारायेव्होत आलेली प्रादेशिक सहकार्य परिषद, २००६ चा मध्य युरोपीय मुक्त व्यापार करार, २०२१ पासून पश्चिम बाल्कनमध्ये रद्द झालेलं रोमिंग शुल्क ही सगळी त्याच रांगेतली पावलं. वीज, नदी आणि फोन यांना झेंडा नसतो. शिवाय ब्रसेल्समधून, म्हणजे युरोपीय संघाकडून, पैसाही येत असतो.

आतली फूट बाहेर किती महाग पडते हे १ जुलै २०१३ ला दिसलं. क्रोएशिया युरोपीय संघात गेला आणि बोस्नियाच्या दुधाची सर्वांत जवळची बाजारपेठ एका दिवसात बंद झाली. दुधात खोट नव्हती. युरोपला मान्य होईल अशी देशपातळीवरची तपासणी यंत्रणा नव्हती. देशाला कृषिमंत्रालयच नाही, आजही नाही.

त्याच सुमारास खासगीकरणाचाही हिशेब समोर आला. सरकारी कारखाने लोकांना व्हाउचर वाटून आणि ओळखीच्यांना स्वस्तात देऊन विकले गेले होते. तुझला भागात डिता, पोलिहेम, कोन्यूह यांसारख्या कंपन्यांच्या कामगारांना पगार मिळेनात. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथून उठलेला मोर्चा पाहता पाहता फेडरेशनभर पसरला आणि सरकारी इमारती पेटल्या. घोषणा भुकेच्या होत्या, जातीधर्माच्या नव्हत्या. डिटर्जंट बनवणारी डिता पुढे कामगारांनीच काही काळ चालवून दाखवली.

झेनित्साचा पोलाद कारखाना आणि प्रियेदोरजवळच्या लोहखाणी २००४ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने घेतल्या. कारखाना फेडरेशनमध्ये आणि खनिज रेपुब्लिका सर्पस्कात, म्हणजे रोजची मालगाडी दोन्ही भागांना जोडणारी. पण त्या खाणींत ओमार्स्काही आहे. १९९२ मध्ये तिथल्या खाणीच्या इमारतींत सर्ब फौजांची छळछावणी होती. वाचलेल्यांनी स्मारक मागितलं, कंपनीने आधी मान्य केलं, स्थानिक विरोधानंतर ते लांबणीवर पडलं. २०२५ मध्ये समूहाने दोन्ही व्यवसाय एका स्थानिक उद्योगाला विकण्याचा करार केला.

दरम्यान माणसं निघून गेली. २०१३ च्या जनगणनेत लोकसंख्या ३५ लाखांच्या घरात आली होती. तरुण नर्सा, वेल्डर, ड्रायव्हर जर्मनी-ऑस्ट्रियाची वाट धरतात आणि त्यांचे पैसे घरी येतात. युरोपीय संघाने डिसेंबर २०२२ मध्ये देशाला उमेदवाराचा दर्जा दिला, मार्च २०२४ मध्ये वाटाघाटी सुरू करायला मान्यताही दिली. पश्चिम बाल्कनसाठी सहा अब्ज युरोची वाढ-योजना आली तेव्हा इतर पाच देशांचे सुधारणा आराखडे ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झाले. बोस्नियाचा आराखडा त्यात नव्हता. देशांतर्गत सरकारांचं एकमत होत नव्हतं.

वायूचीही तीच गत. देशाला नैसर्गिक वायू फक्त रशियाकडून, सर्बियामार्गे मिळतो. क्रोएशियाच्या बाजूने दुसरी पाइपलाइन आणायचं ठरलं, तिचा मार्ग आखला गेला, अमेरिकेचाही तिला जोरदार पाठिंबा. वर्षानुवर्षं ती अडून राहिली ती एका प्रश्नावर: चालवणार कोण, सारायेव्होतली फेडरेशनची सरकारी कंपनी बीएच-गॅस की मोस्तारमध्ये नव्याने काढायची क्रोएट कंपनी.