आमच्या बाटलीवरून ‘१०० टक्के’ हे शब्द का गेले?

मोसंबी रसाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

दुकानदारांमार्फत आणि प्रत्यक्ष भेटीत एकच प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो: पूर्वी तुमच्या बाटलीवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असे ठळक छापलेले असे, आता ते दिसत नाही, तेव्हा तुम्ही रसात पाणी घालू लागलात काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे.

जालना परिसरात मोसंबी वर्षभर सारखी मिळत नाही. आंबे बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची, फळे साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, येतात, मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळे उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, आणि पावसाने ओढ दिली की दोन्ही बहरांचा भरवसा राहत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागातील कित्येक बागा उभ्याउभ्या वाळल्या, हे येथील प्रत्येक बागायतदाराला आठवते. रसाला मागणी मात्र मार्चपासून जूनपर्यंत सर्वाधिक असते. म्हणून हंगामात काढलेल्या रसाचा काही भाग त्यातील पाणी उडवून घट्ट केला जातो आणि थंड जागी साठवला जातो. यालाच कॉन्सन्ट्रेट म्हणतात.

यातील हिशेब आपण स्वतः करून पाहू शकता. रसातील विद्राव्य घन पदार्थांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण ‘ब्रिक्स’ या एककात मोजतात; १० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १० ग्रॅम असे पदार्थ. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीतील दोन-तीन फळे कापून त्यांच्या रसाचा एक थेंब हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटर या ब्रिक्स मोजण्याच्या यंत्राच्या काचेवर ठेवला जातो, यंत्र उजेडाकडे धरले जाते आणि निळा व पांढरा भाग जेथे मिळतात तो आकडा वाचला जातो. पिकलेल्या मोसंबीसाठी तो १० च्या आसपास येतो. असा ६ किलो रस ६० ब्रिक्सपर्यंत आटवला की सुमारे १ किलो कॉन्सन्ट्रेट उरते. उन्हाळ्यात त्यात ५ किलो शुद्ध पाणी मिसळले की पुन्हा १० ब्रिक्सचा ६ किलो रस तयार होतो. म्हणजे पाणी घातले जाते हे खरे आहे. ते आटवताना उडवले होते तेवढेच घातले जाते, हेही खरे आहे. पूर्वीही आम्ही असेच करत होतो, पण ‘१०० टक्के’ या शब्दांमागे ही गोष्ट झाकली जात होती. वाचणाऱ्याला वाटे, फळ पिळले आणि बाटलीत भरले. हे आमच्याकडून आधीच स्पष्ट व्हायला हवे होते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये देशभरातील उत्पादकांना सूचना दिली, की कॉन्सन्ट्रेटपासून पुन्हा तयार केलेल्या रसाच्या वेष्टनावरून आणि जाहिरातींतून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकावा, कारण असा दावा करण्याची तरतूदच नियमांत नाही. घटकांच्या यादीत अशा रसाच्या नावापुढे तो कॉन्सन्ट्रेटपासून पुन्हा तयार केल्याचे लिहावे लागते, आणि किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर वरून घातली असेल तर तो ‘गोड केलेला रस’ म्हणूनच विकावा लागतो. आम्हाला हा नियम योग्य वाटतो. जालन्यात भरलेली बाटली हैदराबादेत किंवा पुण्यात उघडली जाते, तेथील ग्राहकाने आमचे कामकाज पाहिलेले नसते. त्याच्या हातात फक्त लेबल असते.

म्हणून खरेदी करताना बाटलीची पुढची बाजू नव्हे, मागची बाजू वाचावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ‘रस’ आणि ‘फळपेय’ हे दोन शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात, नियमांत मात्र त्यांत मोठे अंतर आहे: पिण्यास तयार फळपेयात किमान १० टक्के फळांचा रस पुरतो, लिंबाच्या पेयात तर ५ टक्केही चालतो. पाणी मिसळून प्यायच्या स्क्वॉशमध्ये किमान २५ टक्के रस असावा लागतो. फळपेय विकणे मुळीच गैर नाही, पण लहान मुलाला रस म्हणून ते देताना उरलेल्या भागात बहुतांश पाणी व साखर आहे, हे पालकांना ठाऊक असावे. ‘आयएनएस’ हे अन्नात घातलेल्या पूरक द्रव्यांचे सांकेतिक क्रमांक असतात; ‘आयएनएस २११’ असे लिहिलेले दिसल्यास ते सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकवणारे द्रव्य, आहे आणि ‘आयएनएस ३३०’ म्हणजे सायट्रिक आम्ल, हेही लक्षात ठेवावे.

किमतीबाबत थोडक्यात. फळांच्या रसावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, त्यामुळे करापूर्वी १०० रुपये किंमत असलेली बाटली ११२ ऐवजी १०५ रुपयांना पडते. वायू मिसळलेल्या फळपेयांवर मात्र ४० टक्के कर आहे.

चवीबद्दलची एक तक्रारही येथेच घ्यावी. मोसंबीचा रस काढल्यावर गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो, कारण फळातील एका घटकापासून आम्लात हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होते. रस तापवला की ही क्रिया वेग घेते. बिया चिरडल्या किंवा सालीखालचा पांढरा पापुद्रा जास्त दाबला गेला तर कडवटपणा वाढतो, म्हणून आम्ही यंत्राचा दाब कमी ठेवतो आणि त्यामुळे रस थोडा कमी निघाला तरी चालवून घेतो. किंचित कडसर चव हा बिघाड नाही. झाकण फुगलेले असेल, उघडताना फसफस झाली किंवा आंबूस वास आला, तर मात्र तो रस पिऊ नये.

अशा वेळी प्रथम आम्हाला कळवावे. समाधान न झाल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. तोवर बाटली टाकून देऊ नये, कारण तिच्यावरील बॅच क्रमांकावरूनच तो रस कोणत्या दिवशी भरला आणि ताज्या फळांचा होता की कॉन्सन्ट्रेटचा, हे आमच्या नोंदवहीत शोधता येते.