इमारतीतील बुरशी व तिचा प्रतिबंध (नाशिक)

भिंत, छत, लाकूड किंवा कापडावर ओल टिकून राहिली की तिथे कवकांची वाढ होते, तीच बुरशी. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, त्यांना घराबाहेर ठेवणे शक्य नाही. अडवायचे ते पाणी. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही.

नाशिक शहरात इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या मानाने पाऊस बराच कमी. तरी जुलै-ऑगस्टात झड लागली की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, खिडक्या बंद राहतात आणि कपडे घरातच वाळतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती ओल घेत तशी सोडतही, आणि मधल्या चौकामुळे वारा खेळता राही. सिमेंटचे प्लास्टर आणि त्यावरचा प्लास्टिक रंग मात्र आत शिरलेली ओल कोंडून धरतो.

आरसीसी इमारतीत पाणी बहुधा गच्चीचा कोबा, बाथरूमची सामायिक भिंत आणि तुळई-वीटकामाचा सांधा इथून येते. प्लास्टरआधी त्या सांध्यावर कोंबडी जाळी (बारीक तारेची जाळी) मारली नसेल, तर केसाएवढी चीर पडते आणि पश्चिमेचा पाऊस तिथून आत उतरतो.

हिवाळ्याचे गणित निराळे. नाशकात पहाटे पारा कधी १० अंशांखाली जातो. अंघोळीची वाफ काँक्रीटच्या थंड तुळईवर, छताच्या कोपऱ्यात जमते आणि तिथे काळे ठिपके उठतात. ही गळती नव्हे, तरी गळती समजून चांगल्या टाइल्स फोडल्या जातात. इथे एक्झॉस्ट पंखा पुरतो.

पांढरा थर दिसला की लगेच बुरशी म्हणू नये. तो भिंतीतला क्षार, म्हणजे लोणा, असू शकतो. पाण्याचा थेंब टाकला तर लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

दुरुस्ती बाहेरून, पावसाळ्याआधी करावी. ओल्या भिंतीवर बुरशीरोधक रंग म्हणजे पैसे पाण्यात. पुढच्या श्रावणात पोपडे निघतात. प्लायवूडचे कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच सुटे ठेवावे. बुरशी पुसताना कोरडा झाडू फिरवू नये, बीजाणू घरभर उडतात; तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके टाकून द्यावे.