गळ्यातली नळी आणि सक्शन: नियम आले कुठून

कीटकनाशक पोटात गेलेला, डोक्याला मार लागलेला किंवा घशाच्या कॅन्सरचा रुग्ण गळ्यात नळी घेऊन मिरजेहून जत-आटपाडीकडे परततो, तेव्हा सक्शन, म्हणजे नळीतला बेडका यंत्राने ओढून काढणं, घरच्यांच्या हाती येतं. त्यांना शिकवलेला जवळजवळ प्रत्येक नियम कधीतरी झालेल्या इजेतून आलेला आहे.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्या काळात ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवणं) म्हणजे घटसर्पाने श्वास कोंडलेल्या मुलाचा शेवटचा उपाय. 1909 मध्ये अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन यांनी शस्त्रक्रियेची पद्धत नीट बसवली. त्यांच्या नावाच्या धातूच्या नळीत आतली नळी किंचित लांब असते. वाळलेल्या बेडक्याची खपली तिच्यातच धरते. ती काढून धुतली की वाट मोकळी.

1952 च्या कोपनहेगनच्या पोलिओ साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातल्या नळीतून, हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत आणली. विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत होते. पुढे कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांत नळी आठवडेच्या आठवडे राहू लागली आणि सक्शन हे सिस्टरचं रोजचं काम झालं. हवा बाजूने गळू नये म्हणून नळीभोवती फुगा असतो; जुने रबरी फुगे कडक. त्यांच्या दाबाने श्वासनलिकेचं अस्तर रक्ताविना मरे, नंतर तिथे आवळ पडे. 1970 च्या दशकात मोठे, मऊ फुगे आले. आज दाब 20 ते 30 सेंमी पाणी, तोही मापकाने. बोटांचा अंदाज फसतो. या फुग्यालाही वॉर्डात ‘कफ’च म्हणतात, म्हणून ‘कफ काढा’ असं कधीच बोलू नये. फुगा आणि बेडका, हेच शब्द वापरावेत.

पूर्वी सक्शन घड्याळ बघून होई, कॅथेटर, म्हणजे सक्शनची बारीक नळी, अडेपर्यंत आत जाई. टोक श्वासनलिकेच्या दुभाजकावर घासून रक्त येई, नाडी मंदावे, ऑक्सिजन उतरे. आता घरघर ऐकू आली, बेडका दिसला किंवा ऑक्सिजन उतरू लागला तरच सक्शन. आधी अर्धा ते एक मिनिट ऑक्सिजन. कॅथेटर नळीच्या टोकाबाहेर जेमतेम अर्धा-एक सेंमी. आत जाताना ओढ बंद, बाहेर काढतानाच चालू. मोठ्यांत ओढीचा दाब 80 ते 120 मिमी पारा, 150 च्या वर नाही, आणि सगळं 10 ते 15 सेकंदांत. कॅथेटरच्या जाडीचा हिशेब सोपा: गळ्यातली नळी 8 ची (आतून 8 मिमी) असेल तर त्यातून 2 वजा, दुप्पट, म्हणजे 12 नंबरचा कॅथेटर. कॅथेटर नळीच्या अर्ध्याहून जाड असेल तर बाजूने हवा शिरत नाही आणि फुप्फुस आकसतं.

दरवेळी नळीत सलाईन सोडण्याची सवय मात्र अजून टिकून आहे. त्याने घट्ट बेडका फारसा पातळ होत नाही, जंतू खाली जाऊ शकतात. खरा दोष कोरड्या हवेचा, कारण नाक वगळलं गेलेलं असतं. जतच्या उन्हाळ्यात नळीवर ओलावा राखणारा फिल्टर, तो नसेल तर ओलसर गॉज हवाच.

कॅथेटर अडला तर जोर लावू नये, आधी आतली नळी काढून बघावी. उशाशी त्याच मापाची एक आणि एक नंबर लहान, अशा दोन नळ्या कायम ठेवाव्यात.